दसऱ्यापासून रुसलेली हार्ड डिस्क

लिनक्समधलं मला लई कळतं, असं आता मी पद्माक्कांसमोर म्हणत नाही. चादरींची डिझाइनं हार्ड डिस्कवर उतरवायची होती, पण दहा मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार जायला लागली. तिकडं कारखान्यात माग थांबलेले. मी कमांडवर कमांड मारल्या, डिस्क बदलली, कॉम्प्युटरवर लिनक्स नव्यानं टाकलं. ढिम्म फरक नाही!

शेवटी मागावरच्या पद्माक्काच डिझाइन न्यायला आल्या.

“कवापासून हळू चालतंय?”

“दसऱ्यापासून.”

“कॉम्प्युटरची पूजा केली हुती का?”

“केली की! हळद-कुंकू, फुलं, सगळं.”

त्यांनी डिस्कची वायर काढली, कॉम्प्युटरच्या खाचेत डोकावून पाहिलं आणि पिशवीतला मागाचा ब्रश फिरवला. चिमूटभर कुंकू बाहेर! वायर परत लावली, तर डिस्क सुसाट.

“अक्का, लिनक्स कुठं शिकलात?”

“त्ये मला ठाऊक न्हाय. पण दसऱ्यानंतर कुंकू झाडल्याबिगर आमचा माग बी सरळ चालत न्हाय.”