पुसायचे पक्षी

...आणि वर बायको मलाच विचारते, "तुम्ही कापडवाले ना? मग सांगा, याला पिळू कुठून?" अहो, कुठून म्हणजे? कापड आहे ते! दोन टोकं धरायची आणि... "तिथे मान येते त्याची," म्हणते. मान! घ्या! फडक्याला मान!... बसा, बसा ना तुम्ही, साड्या कुठे पळून जात नाहीत, पंखा वाढवतो, पण आधी माझं ऐका, कारण घरात माझं कोणी ऐकत नाही आणि दुकानात आलेल्या माणसाला निदान उठून जायला लाज वाटते. तुम्हाला सांगतो, आजोबांपासून या विसरवाडीच्या फाट्यावर आमचं कापडाचं दुकान. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी सांगतो, हे सुरतचं, हे मालेगावचं, हे सुरतचं म्हणून विकलेलं मालेगावचं! आणि अशा या केवलचंदला आयुष्यात आडवं कोणी पाडलं? भांडी पुसायच्या फडक्यांनी!

आता फडकी आली कुठून? ऑस्ट्रेलियातून! आमचा श्रेणिक तिकडे नोकरीला. सून फाल्गुनी सुरतची, लाघवी पोरगी, लग्न झालं आणि महिन्याभरात गेली त्याच्याबरोबर. तिकडे तिला काम मिळेना, ओळख ना पाळख, हा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, मग ती बिचारी बसायची गॅलरीत, आणि गॅलरीत यायचे पक्षी. ती त्यांची चित्रं काढायला लागली. ती चित्रं तिथल्या एका दुकानवाल्या बाईला आवडली, तिने छापली लिननवर, आणि त्याचे केले टी टॉवेल. पहिल्या छपाईतले दोन संच पोरीने इकडे पाठवले. एक सुरतला आईला, एक इथे सासूला.

पार्सल उघडलं. आमची बदामबाई म्हणाली, "हे काय आहे?" श्रेणिक फोनवर म्हणाला, "मम्मी, टी टॉवेल!" ती म्हणाली, "चहाला टॉवेल? तिकडे चहा पितात का चहाने आंघोळ करतात?" मग त्याने समजावलं, की मम्मी, कपबश्या, ताटं धुतली की याने पुसायची. झालं! तिने पहिला उलगडला. त्यावर काय, तर पांढरा काकाकुवा, डोक्यावर पिवळा तुरा, आणि असा बघतोय, असा बघतोय... जसा काही उधारी मागायला आलाय! दुसऱ्यावर हंस, पण काळा. "हंस कधी काळा असतो का? रंगात बुडाला वाटतं. बदलून आणा." कुठून बदलून आणू? समुद्रापलीकडून? तिसऱ्यावर एमू, तो आपल्याकडे ठाऊक आहे, मध्ये ज्याने त्याने पाळायला घेतले होते. चौथ्यावर निळी चिमणी, पाचव्यावर गुलाबी पोपट, आणि सहाव्यावर तो त्यांचा कूकाबुरा. आपल्या खंड्याचा मोठा भाऊ समजा. म्हणे माणसासारखा हसतो. अहो, हसणारच! त्याला माहीत होतं पुढे काय होणार ते!

कापड मात्र, तुम्हाला सांगतो, काय कापड! अस्सल लिनन! मी म्हटलं, "बदाम, काय माल आहे! आजपासून भांडी यानेच पुस." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला बटाटेवडा खा म्हणालो. म्हणाली, "यांच्या तोंडावर तेलकट कढई घासू? जीव नसला म्हणून काय झालं, आकार तर आहे ना? आकाराला मारलं म्हणजे मनाने मारलं. दोष लागतो."

आता आम्ही जैन माणसं. आमच्यात साखरेचा हत्ती-घोडासुद्धा मोडून खात नाहीत, ते खरं. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. पण सुनेने पाठवलंय, हौसेने पाठवलंय, ते तसंच ठेवणार? मग म्हटलं, भिंतीवर लाव. तर म्हणे देवघराशेजारी लावता येत नाहीत, मोरीशेजारी लावणं बरं दिसत नाही, आणि मध्ये भिंतच कुठे आहे आपल्या घरात? मग मी हात जोडले. म्हटलं, बाई, एकदाच सांग, याने पुसायचं का याला पुजायचं?

तुम्हीच सांगा. पुसायचं का पुजायचं?

तिने दोन्ही केलं नाही. कपाटात ठेवले. इथवर ठीक होतं हो! पण रोज फोन! व्हिडिओवाला! "मम्मीजी, केम छो? टॉवेल वापरता ना? पाणी शोषून घेतात ना?" आणि आमची बदामबाई, जी जन्मात खोटं बोलली नाही, ती म्हणते कशी, "हो बेटा! फार छान! ताटं कशी आरशासारखी!" फोन ठेवला आणि डोळ्यांत पाणी. "खोटं बोलले. आता प्रायश्चित्त. आज एकासणं." एकासणं म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं, बाकी उपास. मी म्हटलं, कर बाई. तर म्हणाली, "तुम्हीपण." मी? मी काय केलं? "तुम्ही शेजारी बसून मान हलवली."

मान हलवली म्हणून उपास! आणि फोन रोज! फाल्गुनीने प्रेमाने विचारायचं, बदामने प्रेमाने खोटं बोलायचं, आणि भूक कोणाला? मला! मी दुकानात बसायचो आणि समोरच्या गाडीवर भजी तळायचे... गिऱ्हाईक म्हणायचं, शेठ, पिवळ्यात दाखवा, आणि मला पिवळं म्हटलं की बेसन दिसायचं! श्रेणिकला चोरून फोन केला. म्हटलं, "बाबा रे, बायकोला सांग, विचारू नको." तो म्हणाला, "पप्पा, तिला रोज तेवढंच तर विचारायला असतं. फोन झाला की दिवसभर खूश असते. राहू द्या ना." राहू दिलं. उपाशी राहिलो.

एकदा जिवाचा धडा करून एक, तो गुलाबी पोपटवाला, दुकानात आणला. म्हटलं, इथे काउंटरवर टाकतो. निदान घरात "वापरात आहे" असं म्हणता येईल, खोटं अर्धं होईल, उपास अर्धा होईल! तेवढ्यात आपला गुलाबसिंग आला, टेम्पोवाला. उचललाच त्याने. "शेठ, हाई पोपट कितलाले शे?" म्हटलं, विकायचा नाही. "मन्हा भाऊनं लगीन शे, गयामा बांधसू!" म्हटलं, विकत नाही, असाच घेऊन जा! गळ्यात बांध, डोक्याला बांध, टेम्पोला बांध! सुटलो म्हटलं! आणि बदामबाई दारात! डबा घेऊन आलेली. टॉवेल ओढून घेतला त्याच्या हातातून, आणि मला घरी आल्यावर म्हणते, "लग्नात तो कोंबडी खाणार. आणि हात कशाला पुसणार? पक्ष्याला! कोंबडी खाऊन पक्ष्याला हात! विचार केलात?" नाही हो केला! इतका विचार कोण करतो? मी आपला विचारत राहिलो, पुसायचं का पुजायचं?

आणि मग बॉम्ब पडला. फाल्गुनी येतेय! लग्नानंतर पहिल्यांदा. आधी सुरतला आईकडे, मग तिथून गाडीने आमच्याकडे. बदामचा चेहरा पांढराफटक. "येईल, स्वयंपाकघरात जाईल, टॉवेल बघेल. कोरे करकरीत! तिला काय वाटेल? सासू रोज खोटं बोलत होती. सासूला आपलं काही आवडलंच नाही." आणि रडायला लागली. तुम्हाला सांगतो, तोपर्यंत मी चिडत होतो, पण ती रडली ना... मला म्हणाली, "एकच सून आहे हो."

म्हटलं, रडू नको, मी करतो काहीतरी. आता विधीचा खेळ बघा! जन्मभर जुनं कापड नवं कसं दाखवायचं ते शिकलो, आणि आता नवं कापड जुनं दाखवायची पाळी! मी तो कूकाबुरा गुपचूप पिशवीत घातला आणि फाट्यावर भीमसिंगच्या चहाच्या गाडीवर नेला. म्हटलं, "भीमसिंग, आठवडाभर याने कप पूस. मळव जरा. चहाचे डाग पडू देत." त्याने आनंदाने घेतला. मीही खूश. चहाच तर आहे, शुद्ध शाकाहारी! 

आठवड्याने गेलो. पण त्या दिवशी नंदुरबारहून परतायला उशीर झाला, दिवेलागण झाली होती. एरवी मी दिवस मावळायच्या आत जेवायला घरी, मला काय ठाऊक संध्याकाळी फाट्यावर काय चालतं? बघतो तर भीमसिंगच्या गाडीवर चहाची किटली गायब, मोठा तवा, आणि तव्यावर... भुर्जी! अंड्याची! सकाळी चहा, रात्री भुर्जी, गाडी तीच, भीमसिंग तोच, आणि फडकं? फडकंही तेच! तो तव्याची कड पुसत होता. कशाने? पक्ष्याने! काय पुसत होता? अंडं! अहो, पक्ष्याच्या तोंडाला अंडं! आणि तो कूकाबुरा हसतोय! "या शेठ," म्हणे, "एक नंबर कपडा शे! तेल पण शोषस, पाणी पण शोषस!" घेऊन घरी जाऊ शकत नाही, देऊन टाकलं म्हणू शकत नाही. म्हटलं, राहू दे, राहू दे तुझ्याकडेच... आणि पळालो. घरी म्हटलं, उशीर झाला, भूक नाही. त्या दिवशी मी आपणहून उपास केला!

मग तो दिवस आला. बदाम सकाळपासून दारात. बाकीचे पाचही टॉवेल पलंगावर ओळीने मांडलेले, आणि ती घोकत होती, "बेटा, मी खोटं बोलले. बेटा, मी खोटं बोलले." म्हणाली, जे व्हायचं ते होऊ दे, पण तिच्या तोंडावर मी खोटं बोलणार नाही. "आणि सहावा कुठे आहे हो?" मी म्हटलं, असेल कपाटात.

गाडी आली. फाल्गुनी उतरली ती हसत, पळत आली, सासूच्या पाया पडायचं सोडून आधी माझ्या पाया पडली! म्हणाली, "पप्पाजी! तुम्हीच! फक्त तुम्हीच!" मी म्हटलं, मी काय? तर म्हणे, ड्रायव्हरने फाट्यावर चहाला गाडी थांबवली. ती बसली होती तोंड पाडून, कारण सुरतला आईच्या कपाटात तिचे सगळे टॉवेल सापडले होते, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फाडलेली. आईपण रोज फोनवर सांगायची, फार छान पुसतात! "मला वाटलं, सगळे माझं मन राखतात. कोणालाच नकोय हे. आणि वर बघते तर, पप्पाजी, माझा कूकाबुरा! डाग पडलेला, एका कोपऱ्यात जळलेला, ओला, आणि भीमसिंगभाऊ त्याने कप पुसताहेत! मी विचारलं, कुठून आणला? म्हणाले, शेठने दिला. पप्पाजी, मी तिथेच रडले! जगात एक तरी माणूस माझं चित्र खरंच वापरतोय!" आणि मोबाइल पुढे केला. फोटो. भीमसिंग, खांद्यावर कूकाबुरा, आणि मागे... मागे अंड्यांचे ट्रे. एकावर एक. छताला लागलेले!

बदामने फोटो बघितला. मग मला बघितलं. मी पंखा बघितला.

"अंड्याच्या गाडीवर?" एवढंच म्हणाली. पण मग तिने फाल्गुनीचा हात धरला, आत नेलं, पलंगापाशी उभं केलं आणि म्हणाली, "बेटा, मी एकही वापरला नाही. रोज खोटं बोलले. पण कपाटात नुसते टाकून नाही ठेवले. तुझा फोन झाला की रोज काढायचे. हाताने सारखे करायचे. याच्या तुऱ्यावर हात फिरवायचे, या काळ्याला सांगायचे, तू पण हंसच आहेस, वाईट वाटून घेऊ नको. मग घडी घालून ठेवायचे. तुझ्या हाताचं आहे ना. त्याला उष्ट्या भांड्याला कसं लावू?" फाल्गुनीने तो काळा हंस उचलला. मग हळूच म्हणाली, "मम्मीजी, तिकडे माझ्याशी बोलायला फक्त हेच होते." दोघी पलंगावर बसल्या, पाच पक्षी मांडीवर, आणि रडणं हसणं सगळं एकदम... आणि मी दारात उभा. म्हटलं, आता तरी कोणी मला जेवायला वाढेल का?

वाढलं हो. पोटभर वाढलं. पण तुम्हाला वाटेल, संपलं. कुठलं? संध्याकाळी फाल्गुनी वही-पेन्सिल घेऊन बसली. "मम्मीजी, तुमच्यासाठी वेगळा टॉवेल करते. पण वापरायचा! सांगा, काय काढू?" पक्षी नको. प्राणी नको. फूल? "त्यात जीव आहे." पान? "त्यातपण." देव? "पोरी, तोंड सांभाळ!" बदाम विचारात पडली. मग हळूहळू तिची नजर फिरत फिरत... माझ्यावर आली. थांबली.

मी म्हटलं, अगं, मीपण जीवच आहे! पाच इंद्रियं आहेत मला! तर म्हणते कशी, "आहेत ना. पण पक्ष्याला विचारता येत नाही, तुम्हाला विचारता येतं. अहो, तुम्हाला पिळलं तर चालेल ना?" आणि सून समोर, कौतुकाने बघतेय. मान हलवली.

आला परवाच माझ्या तोंडाचा टॉवेल, ऑस्ट्रेलियातून छापून. चष्मा, टोपी, मिशी, सगळं जसंच्या तसं. सकाळी कढई, दुपारी ताटं, संध्याकाळी ओटा, मग मोरीत आपटून, पिळून, दोरीवर दोन्ही कानांना चिमटे. फाल्गुनीने फोनवर विचारलं, "पप्पाजी, लिनन कसं आहे? जितकं पिळाल तितकं मऊ होतं म्हणतात." म्हटलं, बेटा, लिननचं बघू, अजून नवीन आहे. मी मात्र केव्हाच झालो.