साइड म्हंजे मारणारं

— न्हाई, लिहून बिहून काय मिळायचं न्हाई धनाजी, आधीच सांगतो. बस त्या पेंडीच्या पोत्यावर. बाटली हितं टेबलावर ठीव. आता मला सांग, किती शिकलास तू? नववी. म्हंजे इंग्रजी हुतं न्हवं तुला? मग वाच की काय लिवलंय बाटलीवर… हर्बिसाइड. वाचता येतंय की रं मग. म्हंजे येतंय आणि वाचलं न्हाईस. अडाणी असतास तर म्हणलो असतो, जाऊ दे. पंधरा गुंठं ढबू मिरची, फुलावर आल्याली, तिच्यावर भुरी पडली म्हणून बुरशीचं औषध न्यायला आलास आणि तणनाशक मारून मोकळा झालास — आणि आता सकाळच्या पारी माझ्या दारात. का, तर उद्या शेती खात्याचं सायेब पंचनाम्याला येणार, त्येंच्याम्होरं ठेवायला मी कागुद द्यावा, की बाटली दुकानदारानंच चुकीची दिली. त्यो कागुद न्हाई तर भरपाई न्हाई. व्हय, ते कळलं मला. पर चूक कुणाची ते आधी ठरू दे की गड्या.

त्यो तक्ता बघ, फळीवर चिकटवल्याला. आमच्या सुनंचा हाय, रेश्माचा. बँकंच्या परीक्षेला बसतीया, दुपारची हितं गल्ल्यापाशी बसून पाठ करत असती. शेवटाला सी-आय-डी-ई आलं की समजायचं, कायतरी मरणार. कोण मरणार, ते म्होरल्या अक्षरांत. सोपं हाय, तुझ्या टकुऱ्यात बी शिरंल. इन्सेक्टिसाइड — किडं. फंगिसाइड — बुरशी. रोडेंटिसाइड — उंदीर. हर्बिसाइड — तण, झाडपाला, म्हंजे तुझी मिरची. हितवर आमचं दुकान. आणि तितनं फुडं इंग्रज सायबाचं दुकान चालू हुतंय बघ — होमिसाइड, माणूस मारणं. पॅट्रिसाइड, बाप मारणं. मॅट्रिसाइड, आई. फ्रॅट्रिसाइड, भाऊ. रेजिसाइड म्हंजे राजा — आता राजाला मारून मारून माणूस किती येळा मारणार? त्येला येगळा शब्द कशाला लागतोय? आपल्या वाळव्यात बांधावरनं भावानं भावाचं डोस्कं फोडलं तर फोडलं म्हणत्यात, काम भागतंय. हे पाठ करायचं, फारम भरायचा, दोन मार्कांनं ऱ्हायाचं, पुन्ना पाठ करायचं. ह्येला शिक्षण म्हणायचं. मी बावीस वर्सं दुकान चालवलं, ह्यातला एक शब्द न वाचता —

न वाचता म्हंजे, वाचायची गरजच पडली न्हाई. ते ऱ्हाऊ दे. पंप धुतलावतास का? तुमा लोकांचं मला ठावं हाय. उसात तणनाशक मारायचं, पंप तसाच उचलायचा आणि मिरचीत शिरायचं, मग शेंडं वाकडं झालं की दुकानदाराच्या नावानं शिमगा… नवा पंप? कुठनं घेतला? … माझ्याकडनंच. बरं. आसंल.

मग डोळं कुठं हुतं तुझं? तक्ता हुता की समोर… शनवारी न्हवता? व्हय, शनवारी न्हवता. मीच काढून टाकलावता. काल तिनं पुन्ना डकवला. अरं, मांडणीवर कागुद डकवून सून सासऱ्याला औषधं शिकवणार — गावातली माणसं येत्यात, हसत्यात. माझी पद्धत रंगाची हाय. निळ्या झाकणाचं बुरशीला, लाल झाकणाचं तणाला, पिवळं किड्याला. पाठमोरा उभा ऱ्हाऊन फळीवर हात घालीन, पाहिजे ती बाटली हातात येती. कुणाची हिंमत न्हाई झाली आजवर चूक दावायची… ह्या बाटलीचं निळं हाय. दिसतंय मला, आंधळा न्हाई मी. औंदा कंपनीनं झाकणं बदलली त्येला मी काय करू? कळवायला नगो त्येंनी? … कळवलंवतं. पत्र आलंवतं. पर इंग्रजीत. आता बोल. वाळव्यातल्या दुकानदाराला इंग्रजीत पत्र धाडत्यात आणि शिकल्याली म्हणवत्यात सोताला.

झाकणं बदलल्याली रेश्माला कसं कळलं म्हंजे? त्यो जोतीराम आलाता न्हवं गुरवारी, वांगीवाला. वांग्याचं शेंडं पिळवटलं म्हणून बोंबलत आलाता. त्येला बी मी पंप धुतला न्हाईस म्हणून वाटंला लावला, गप गेला बिचारा. त्यो गेल्यावर ही बया स्टुलावर चढली, सगळ्या बाटल्या एकेक करून वाचल्या, तणाच्या येगळ्या काढून पार खालच्या फळीला लावल्या, आणि वर त्यो तक्ता. मला इचारलं सुदीक न्हाई. बावीस वर्सांची मांडणी एका दुपारात मोडली. मग मी काय बघत बसू? शनवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या सगळ्या बाटल्या हुत्या तशा वर लावल्या, निळं निळ्यात, आणि त्यो कागुद —

असा काय बघतोस?

शनवारी तू कवा आलतास? … दहाला. व्हय. तूच पयला हुतास.

हे बघ धनाजी, मी काय मुद्दाम न्हाई केलं. माझं काय वाकडं हाय तुझ्याशी? मला वाटलं, पोरगी चार बुकं वाचती म्हणून मिजास करतीया. सुनंनं सांगितलं आणि सासऱ्यानं ऐकलं असं झालं तर ह्या खुर्चीत बसायचं कुणी? म्हणून लावल्या रं. लय राग आलावता. जोतीरामला काय सांगू नगंस —

रेश्मा? तू कवा आलीस भाईर? आत जा. ते काय लिवतीयास? … त्येला कशाला देतीस? पेन ठीव. अगं, माझं नाव लिवतीस व्हय तू, पावतीबुकावर, सासऱ्याचं? … शनवारी सकाळचं बी लिवलंस? सगळं?

… शिक्का खालच्या खणात हाय. न्हाई, तू ऱ्हाऊ दे. मी मारतो. आण हिकडं.

घे, धनाजी. घे आणि जा. दुकान बंद करायचं हाय मला.