सहाव्या डिव्हिजनचे पेढे

— नाही जी, उठू नका. च्या ठेवला निकितानं. तुमी नेरवरून पहाटची गाडी धरली, दारव्ह्याले बदलली, दिग्रसले बदलली, तिथून काळीपिवळीत गुडघे पोटात घेऊन आले — अन् दोन घोट च्या न पेता लेकीले घेऊन चालले? लोक काय म्हणतीन? कोकिळाबाईनं व्याह्याले उभ्या उभ्या वाटेले लावलं म्हणतीन. बसा. आखाड लागला हे मले मालूम हाय. पयल्या आखाडात नव्या सुनेनं सासूचं तोंड पाहू नये, माहेरी जावं — मी का बिनरीतीची हाव? पण बबनभाऊ, ही रीत कायले हाय हे तुमाले मालूम, मले मालूम. सासूचं तोंड म्हणाचं नाव हाय, खरं म्हणजे नवराबायकोले महिनाभर दूर ठेवाचं. आता आमचे हे दोघं लग्नाच्या चौथ्या दिवसापासून दूर हायेत. तो तिकडं समुद्रापार, ही इकडं चुलीपाशी. यायच्या नशिबी बाराही महिने आखाड — मंग एका महिन्याचा वेगळा कायले पाळाचा? अन् वावरात निंदण आलं. पऱ्हाटी बोटभर, गवत हातभर.

काय? रोशन? — हो, मजेत हाय ना रोशन. देशाकडून क्रिकेट खेळते म्हटल्यावर मजेत नाही तं काय. आता देश आपला नाही, हे कबूल. नाव मले घेता येत नाही, दुबईच्या बाजूले हाय पण दुबई नाही. आपल्या देशात कोण घेते जी दिग्रसकडच्या पोराले? यवतमाळच्या टीममध्येच घेतलं नाही त्याले. तिथं गोदामात कामाले लागला, कंपनीच्या टीममध्ये खेळला, अन् तिथून देशाच्या. सोपं हाय तिथं. चार वर्षं राहा लागते, वर्षातले अर्ध्याच्या वर महिने तिथंच काढा लागतात, का मंग तुमी त्यायचे. म्हणून तं लग्नाले आला तो हळदीच्या दिवशी आला अन् सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन गेला. म्हणे आई, जास्त राह्यलो तं दिवस कमी पडतीन, देश हातातून जाईन. बायको इकडं, देश तिकडं — त्यानं देश पाह्यला. टीमचा फोटो पाह्यला मी. अर्धे आपल्याइकडचे, अर्धे पाकिस्तानचे, अन् त्या देशाचा म्हणून एकच, तो पाणी घेऊन पळते. मॅचच्या आधी त्यायचं राष्ट्रगीत लागते, तवा सगळे छातीवर हात ठेवून तोंड हालवतात. रोशन तं शाळेत प्रार्थनेलेही तसंच तोंड हालवे, त्याले कायचा तरास.

थांबा जी, मले बोलू द्या — तुमी पोरगी दिली ती काय पाहून दिली? राग नका मानू. या दिवसात कापूसवाल्याले कोणी पोरगी देते का? आमच्या पारावर पाहा, तीस-तीस वर्षाचे नवरदेव बसून हायेत, वावर हाय, बैलजोडी हाय, पण शेती म्हटलं का पोरीचा बाप च्याचा कप खाली ठेवते. म्हणून आमी शेतीचं नावच घेतलं नाही, आंतरराष्ट्रीय म्हटलं. तुमी इचारलं, टीव्हीवर दिसते का? आमी म्हटलं, तिकडच्या टीव्हीवर दिसते. तुमी म्हटलं बरं. तिकडचा टीव्ही कोण पाहाले जाते.

तसे टीव्हीवाले आमच्याइथं कमी नाही आले. कास्तकारायनं जीव देल्ले त्या वर्षी तं रोज गाडी उभी राहे. कॅमेरा घेऊन दारोदार — तुमच्या घरी काही झालं का हो? कोणी गेलं का? मी म्हटलं या, आमच्या घरी झालं ना, आमचा पोरगा देशाकडून खेळाले लागला. बसवलं, पाणी देल्लं. त्यायनं लाल बत्ती लावली होती कॅमेऱ्याची, ती बंद केली. पोरगी लय चांगली होती, म्हणे मावशी, हे नंतर घेऊ, आता बाजूचं घर सांगा. मी रुक्माबाईचं घर दाखवलं. तिच्या घरी दोन घंटे होते ते. आमच्या घरी पाणीही अर्धंच पेले. चांगलं झालेलं कोणाले पाह्यजेच नाही होतं त्या सालात.

निकिता, आद्रक टाक वं जरा. — हो, आखाडाचं तेच सांगून राह्यली ना मी, आयका. मंग ती स्पर्धा आली. लहान लहान देशायच्या एका दिवसाच्या मॅचा. नावं आयकून हसान तुमी. एक देश होता जर्सी. मी म्हटलं, हे तं गाईचं नाव — सरकारी पॅकेजात भेटली होती ना आमाले, मणभर खाये अन् दूध देये च्यापुरतं — तं रोशन म्हणे, नाही आई, गायीचंच नाव देशावरून पडलं. त्या जर्सीनं हरवलं आमाले. एक उंच बॉल आलता रोशनकडं, हातात येऊन सुटला. अन् आठ दिवसानं पेपरात आलं, आपल्या तालुक्याचा रोशन पाचव्या डिव्हिजनमधून सहाव्यात. आता तुमीच सांगा, पाचवीतून सहावीत गेलेलं पोरगं पास का नापास? मी पास समजली. सरपंच पास समजला. शाळेतले मास्तर पास समजले. पुढाऱ्यायले तं सगळ्यायच्या आधी समजलं — थांब्यावर फलक लागला, वरते बारा पुढाऱ्यायची तोंडं, खालच्या कोपऱ्यात रोशन, बोटाच्या नखाएवढा, अन् लिहिलं काय, सहाव्या डिव्हिजनमध्ये गरुडझेप. मी दिग्रसवरून पेढे आणले, घरोघरी वाटले. तुमच्या घरीही धाडले होते, खाल्ले ना? त्याच जोशात मी रोशनले फोनवर म्हटलं, बेटा, मेहनत कर, पुढच्या साली सातव्यात जाजो.

हासला नाही तो. मी म्हटलं, थकला असन.

मंग एक दिवस तुमची पोरगी भाकर थापता थापता म्हणते — बोलत नाही ती, पाहत राह्यते नुसती, मांजरीसारखी, पण बोलली का मंग बोलली — म्हणते, आई, तिथं मोठा नंबर म्हणजे खालचा. पयला सगळ्यायच्या वरते. मी म्हटलं, हे तुले कवा समजलं? म्हणे, पेपर आला तवाच. मंग बोलली काहून नाही? म्हणे, तवरोक पेढे वाटून झाले होते. — आता हे मी तुमाले कायले सांगतलं? सांगाचं नव्हतं. घरात ठेवजा जी. मी तिलेही म्हटलं, उंबरठ्याच्या बाहेर नाही गेलं पाह्यजे. अन् नाही नेलं तिनं, तेवढं मानते मी. लोक अजून रस्त्यात थांबवतात, सातव्यात कवा जाते म्हणतात, अन् मी म्हणते, जाईन लवकरच.

नाही, निंदणाचं काही नाही, बाया भेटतात निंदाले. खरं सांगू? त्या सातव्याच्या दिवसापासून त्याचा मले फोन नाही. तिलेच येते. ती आतल्या खोलीत घेते. मी कान नाही लावत, पण घर का मोठं हाय? तो काय म्हणते ते आयकू येत नाही, हिचा निस्ता हं आयकू येते. त्या हं-वर मी दिवस काढून राह्यली, बबनभाऊ. लंबा हं आला म्हणजे जेवला. बारीक आला म्हणजे अंगात कसकस हाय. दोन हं लागोपाठ आले का आईचं नाव निंघालं असन असं समजते मी. आता ती नेरले गेली का हं-ही नेरले गेला. मंग मी कायच्यावरून समजू, सांगा.

काय म्हणता? — जरा हळू बोला, भिंतीपलीकडं रुक्माबाई हाय.

कोण आला? रोशन? कवा?

परवा. — तुमच्या घरी.

टीममधूनही काढलं अन् गोदामातूनही. हं. सहाव्यात गेलेली टीम कंपनीले कायले पाह्यजे, बरोबर हाय. पण घर इथं हाय ना त्याचं. आईनं गावाले पेढे चारले, आता कोणतं तोंड घेऊन जाऊ, असं म्हणे? त्याच्या तोंडानं म्हणे, का तुमी तुमच्या मनानं लावून सांगता?

निकिता. तुले मालूम होतं? मान नको हालवू, बोल. — राहू दे. नको बोलू.

अन् तुमी जी, एवढा वेळ मले बोलू काहून दिलं? — हो. मीच बोलू देल्लं नाही तुमाले. तेही खरं.

नाही, मी नाही येत आता. मले पाहून अजून दुसरीकडं जाईन तो. तुमी घेऊन जा हिले. आखाडात पोरीले नवऱ्यापासून दूर न्याले येतात, तुमी जवळ न्याले आले, पण लोकायले कुठं समजते. रीतीनं आले, रीतीनं नेलं. कोणी इचारलं तं मी आखाडच सांगीन, तुमीही आखाडच सांगजा.

घे तुवी पिशवी. पाया पडत नको बसू, गाडी जाईन.

च्या राहू द्या, थंडा झाला तो. जातानी फाटक लावून घेजा, बकऱ्या घुसतात.