वाकळीला हात न लावणारं गिऱ्हाईक

पोरगी मुकी हाय का वो, अप्पा? कोंडाबाईंनी हळूच विचारलं, पण कोंडाबाईंचं हळू म्हणजे चौकापर्यंत. मी पडद्यामागं वाकळींना किमतीच्या चिठ्ठ्या टाचत होते, सुई तशीच हातात राहिली. अप्पा म्हणाले, मुकी कशाची, इंग्रजीत शिकलीय, सगळं तिकडंच बोलून आलीय. दुकान हसलं. मीही हसले, आतल्या आत.

तर आमचं केजला कापडाचं दुकान, आजोबांपासूनचं. अप्पा म्हणजे माझे वडील. विभूती लावून, पिंडीला बेल वाहून मगच दुकान उघडणारे. मला पाचवीत औरंगाबादला मामाकडं ठेवलं, इंग्लिश मीडियमला. तिथल्या मुली माझ्या हाय-न्हाईला हसायच्या म्हणून मी ते सोडलं, आणि शिकून परत आले तर इथं लोक माझ्या आहे-नाहीला हसायला लागले, बघा कशी पुस्तकातलं बोलती. काय सांगू तुम्हाला, दोन्हीकडचं हसू झेलण्यापेक्षा गप्प बसणं सोपं. गप्प बसलं की बघायला खूप मिळतं. अप्पा गिऱ्हाईक कसं ओळखतात ते मी तसंच बघून शिकले. जो कापड चिमटीत धरून चुरगाळतो, दारात नेऊन उन्हात बघतो, रंग जाईल का म्हणून भांडतो, तो घेणार. जो हात न लावताच छान छान म्हणतो, त्याच्यापुढं अप्पा दुसरा तागा उलगडायचेच नाहीत.

वाकळी, म्हणजे हातानं शिवलेल्या गोधड्या, कोंडाबाईंच्या. त्या आणि त्यांच्या गल्लीतल्या सहा बायका. ऊसतोडीहून आल्या की दसऱ्यापर्यंत शिवायच्या, जुनी लुगडी आणि आमच्या दुकानातल्या चिंध्या घेऊन. टाका असा बारीक की मुंगी मोजत गेलीय असं वाटावं. मी त्यांचे फोटो काढले आणि स्टँडसमोरच्या इंटरनेट कॅफेत बसून एका विक्रीच्या पानावर टाकले. मोबाईलवर पैसे यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. बोलायला लागत नव्हतं, नुसतं लिहायचं, म्हणून मला तो धंदा जमला.

पैसे कसे घ्यायचे, तिथं मात्र अडलं. आधी पोस्टाची व्हीपी केली, म्हणजे पोस्टमननं पैसे घेतल्यावरच पार्सल द्यायचं. एकानं पार्सल घेतलंच नाही, वाकळ फिरून घरी आली, जाण्यायेण्याचा खर्च आमच्या अंगावर. मग म्हटलं बँकेत भरायला सांगू. अप्पा म्हणाले, परक्या माणसाला खात्याचा नंबर? त्यापेक्षा गल्ल्याची चावीच दे की. म्हणून वाकळींचं वेगळं खातं काढलं, दुकानाच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. नंबर द्यायचा, सही कुणाला दाखवायची नाही, कॅफेतल्या कॉम्प्युटरवर बँक उघडायची नाही. पैसे आले का ते मी स्वतः बँकेत जाऊन पासबुकात बघायचे आणि मगच पार्सल शिवायचे. पुण्याच्या एका बाईंनी अकरा पत्रं पाठवली, डांबरगोळ्यांचा वास येईल का, धुतल्यावर टाका सुटेल का, पाय बाहेर राहतील का. अप्पा वैतागले. पण शेवटी त्या बाईंनीच निम्मे पैसे आधी भरून सहा वाकळी मागितल्या.

आणि मग त्याच पानावर परदेशातल्या एकाची मागणी आली. एकदम बारा वाकळी. कुरियरनं चेक आला, तोही किमतीच्या तिप्पट. सोबत पत्र, जास्तीचे पैसे माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यात लगेच भरा, तो माल न्यायला येईल. मीच वाचून दाखवलं अप्पांना, शब्द न् शब्द. बँकेत चेक टाकला तर तिथं म्हणाले, बाहेरचा चेक, वटायला महिना-दीड महिना.

आता आमच्या अप्पांचा एक नेम आहे. गिऱ्हाईकाचा जास्तीचा पैसा रात्रभर गल्ल्यात ठेवायचा नाही. एकदा आष्टीचा एक माणूस जास्तीची नोट देऊन गेला, तर अप्पा एसटीनं आष्टीला जाऊन ती देऊन आले, तिकीट नोटेपेक्षा महाग पडलं तरी. आता तर बारा वाकळींचं गिऱ्हाईक. अप्पा म्हणाले, चेक वटेल तेव्हा वटेल, त्याच्या लेकराबाळांचं आपल्याकडं नको, वाकळींच्या खात्यातनं आजच भरून टाकतो. त्या खात्यात काय होतं? सात बायकांची मजुरी. कोंडाबाईंनी ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून ठेवलं होतं, दसऱ्याला शिवणाचे पैसे आले तर औंदा कोयत्याला येणार न्हाई, पोरगी धाव्वीला हाय.

अप्पांनी स्लिप भरली, चपला घातल्या. दुकान भरलेलं. कोंडाबाई जाजमावर बसलेल्या. मी पडद्यामागून बाहेर आले आणि म्हणाले, अप्पा. ते माझं मलाच ऐकू आलं. कोंडाबाई म्हणाल्या, आगं बोल की मोट्यानं, इंग्रजीत बोल पायजे तर, आमी ऐकतो.

मी म्हणाले, अप्पा, त्यानं लांबी विचारली नाही. रंग विचारला नाही. धुतल्यावर काय होईल विचारलं नाही. बारा वाकळी घेतल्या आणि एकीलाही हात लावला नाही.

अप्पा उभेच राहिले. त्यांनी एक चप्पल काढली, मग दुसरी. गादीवर बसून स्लिपची घडी घातली, आणखी एक घडी घातली. म्हणाले, हे मला कावून सुचलं न्हाई गं? मी म्हणाले, तुमच्याकडूनच शिकले. चेक पुढं परत आला, तसला चेक त्या बँकेनं कधी काढलाच नव्हता, पण त्या दिवशी ते आम्हाला कुठं माहीत होतं. अप्पांनी नुसतं माझं ऐकलं होतं, भरल्या दुकानात.

आता मोबाईलवर टिंग वाजतं, बायका मलाच विचारतात, हे घेऊ का, ते दाबू का. मी म्हणते, पैसे घ्यायला काहीच दाबावं लागत नाही मावशी, दाबायला सांगतो तो न्यायला आलेला असतो. देवाच्या दयेनं बरं चाललंय, आणि आता गप्प बस म्हणून अप्पांना मला सांगावं लागतं.

पण त्या दिवशी कोंडाबाई घाबरल्या होत्या. मंग बारा वाकळींचं गिऱ्हाईक गेलं का वो, मुकादमाला काय सांगू, म्हणाल्या. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि औरंगाबादला सोडून आलेली माझी जुनी बोली कुठून आली कोण जाणे, मी मोठ्यानं म्हणाले, मुकादमाला म्हणावं येत न्हाई, पुण्याच्या बाईच्या सहा वाकळी बाकी हायत, आन् ती लई भांडकुदळ हाय, टाका बारीक घाला.