तोंडी ओळखतो, लेखी नाही

…आणि वर तो दफ्तरातला कारकून पुन्हा मलाच विचारतो, "पण तुम्ही तुम्हीच आहात कशावरून?" आता याला काय सांगणार हो? रोज सकाळी आरशात बघून दाढी करतो, तो माणूस मीच असतो, आजवर कधी चुकून दुसऱ्याची दाढी झालेली नाही… पण आरसा सही करत नाही ना! सगळी गोम तिथंच आहे. तुम्हाला सांगतो, बेगम बाजारापासून काचीगुड्यापर्यंत मला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नाही, पण कुत्र्याची सही चालत नाही, आणि ज्यांची चालते ते एकजात म्हणतात, "तोंडी ओळखतो हो, लेखी ओळखत नाही!"

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी एकनाथराव कंधारकर, गौळीगुड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, बेगम बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या घरात राहतो. पोरांना कपबशी आणि आंबा काढायला शिकवतो. आयुष्यात झुरळ मारलेलं नाही. झुरळ निघालं की तारामती, म्हणजे आमची मंडळी, चप्पल उचलते आणि मी खुर्चीवर चढतो. अशा माणसाला बंदूक कशाला हवी? नकोच होती! हवी होती हिम्मतदादाला. हिम्मतदादा माझा थोरला भाऊ, गावाकडं शेती बघतो. सत्तेचाळीस साल नुकतं लागलेलं, जोंधळा उभा, आणि रानडुकरांनी काय मांडलं विचारू नका, शेत लोळवलं ते लोळवलं, राखणीच्या गड्याची मांडी पार फाडली. दादा तसाच मोटारीत बसून हैदराबादला आला आणि दारातूनच म्हणतो, "नाथा, एक बंदूक काढून दे. तू शहरात राहतोस, मोठ्या लोकांत उठतोस बसतोस, तुला कोण ओळखत नाही?"

मोठ्या लोकांत! अहो, मोठ्या लोकांच्या पोरांचे आंबे दुरुस्त करतो मी!

पण थोरला भाऊ. नाही कसं म्हणणार? गेलो दफ्तरात. कारकून पान चघळत बसलेला. "नाम? पता? बंदूक कायकू होना?" मी म्हटलं, रानडुकरांसाठी. त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बेगम बाजार में सुव्वर?" आणि अख्ख्या दफ्तराला हाक मारून, "अजी सुनो, मास्टर के मोहल्ले में सुव्वरां आते बोले, किराना लेने आते क्या मालूम!" हसले हो सगळे! चपराशीसुद्धा हसला! मी सांगितलं, शेत गावाकडं आहे. तर म्हणे, जिल्ह्यात अर्ज करा. जिल्ह्याला गेलो. तिथले म्हणाले, राहता हैदराबादला आणि अर्ज इथं? परत आलो. तो पानवाला म्हणतो, "हौ, पर तुम बेगम बाजार में रहते बोल्को सबूत? और दो मोतबर लोगां लाओ, जो लिख को देते कि तुम तुमीच हैं."

एवढंच ना? म्हटलं, संध्याकाळपर्यंत आणतो! काय वेडा होतो मी…

पहिला गेलो घरमालकाकडं. अप्पाराव. माडीवर राहतो, तेलुगू माणूस, स्वभावानं लोणी. रोज संध्याकाळी जिन्यातून डोकावून विचारतो, "भोजनम् अयिंदा, मास्टरगारू?" म्हणजे जेवण झालं का. कागद पुढं केला आणि लोणी वितळलं. "अय्यो सार, ना पेरु रायकंडी!" माझं नाव लिहू नका म्हणतो! मी म्हटलं, अप्पाराव, मी तुमच्या घरात राहतो एवढंच लिहा. "राहता सार, राहता, कोण नाही म्हणतो? पण कागदावर तुमी नाही." नाही म्हणजे? हळूच कानाला लागून सांगतो, म्युनिसिपालिटीच्या दफ्तरात आमचा अख्खा खालचा मजला रिकामा दाखवलाय, घरपट्टी वाढू नये म्हणून! मी, तारामती, आमची दोन लेकरं, दारातली तुळस… सगळे रिकामे! "मास्टरगारू, तोंडानं कुणालापण सांगतो. लिहून नक्को."

म्हटलं, जाऊ दे, परका माणूस. आपला माणूस गाठू. गेलो काचीगुड्याला सासऱ्यांकडं. नामदेवराव वकील! ज्या माणसानं पोटची पोरगी दिली तो नाही ओळखणार तर कोण? मामांनी चष्मा लावला, अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि कोर्टात बोलतात तसं बोलले, "जावईबापू, मी तुम्हाला तोंडी ओळखतो. लेखी ओळखत नाही."

"अहो मामा, मुलगी दिलीत मला!"

"तीही तोंडीच दिली. लग्नाचा कुठं कागद केला होता?"

आता बोला! वर समजूत काढतात, "दिवस कसे आहेत बघा. उद्या ती बंदूक भलत्यावर उडाली तर पहिलं मला बोलावतील. त्यापेक्षा तुम्ही शिरा खा." शिरा खाल्ला. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू.

आणि मग एकेक करून सगळे झाले. हेडमास्तर, शिंपी, आमच्या लग्नात मंगलाष्टकं म्हटलेले भटजी… तोंडी ओळखतो, लेखी ओळखत नाही. ऑगस्ट उजाडला. तिकडं दिल्लीला झेंडा चढला, देश स्वतंत्र झाला, आणि इकडं आमच्या संस्थानाला आपण कुणाचे हेच सांगता येईना. अख्ख्या संस्थानाची ओळख पटत नाही, तिथं ड्रॉइंग मास्तर कोण हो?

शेवटी कोण उभं राहिलं माहीतये? करीमुद्दीनसाहेब. आमच्या समोरच्या घरातले. खजिन्यातून पेन्शनीत निघालेले, दम्याचे रोगी, गल्ली ओलांडायची तर मध्ये एकदा थांबून श्वास गोळा करायचे. तारामतीच्या हातचं ताक प्यायला रोज दुपारी यायचे. माझा चेहरा बघून म्हणाले, "मास्टर, इत्ते परेशान कायकू?" सांगितलं. उठले, शेरवानी चढवली, टांगा बोलावला. दफ्तरात पोचेपर्यंत छाती भात्यासारखी वाजायला लागली होती, पण त्या पानवाल्यासमोर असे कडाडले, "अरे मियाँ, इनों मेरे सामने रहते! रोज सुबू इनकी खाँसी सुनको मैं उठतौं! और क्या सबूत होना तेरे कू?" पानवाला उभा राहिला. कधीकाळी त्यांच्याच हाताखाली होता तो. तरी पुटपुटला, "हज़रत, मोतबर दो होना…" साहेबांनी एक सही उर्दूत केली, एक इंग्रजीत केली. "लेव, दो हो गए."

आणि झाले हो! दोन झाले! लायसन हातात पडलं!

संपलं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. आबिद रोडला बंदुकीच्या दुकानात गेलो. म्हातारा दुकानदार, जाड भिंगाचा चष्मा, त्यानं माझी हनुवटी धरून तोंड असं फिरवलं, तसं फिरवलं, वांगी निवडतात तसं. "यात लिहिलंय तीळ उजव्या गालावर. तुमचा डाव्या." पानवाल्यानं समोर बसून लिहिलेलं, त्याचा उजवा तो माझा डावा, त्याला मी काय करू? म्हातारा म्हणतो, "एकतर लायसन बदलून आणा, नाहीतर तीळ." लायसन बदलायचं म्हणजे परत दोन मोतबर! मी तीळ बदलला. तारामतीनं डाव्या गालावर पावडर थापली, उजव्यावर काजळाचा ठिपका दिला, आणि म्हणाली, "घामेजू नका. हसू नका. रडायचं असलं तर घरी येऊन रडा." म्हाताऱ्यानं भिंग लावून बघितलं. "आता बरोबर," म्हणाला. माझ्या खऱ्या तोंडाला बंदूक मिळाली नाही हो, खोट्या तोंडाला मिळाली!

तोवर अठ्ठेचाळीस साल उजाडलेलं. गावाकडची वाट धोक्याची, जाळपोळीच्या बातम्या, आणि हिम्मतदादा बायकापोरं घेऊन सोलापूरकडं निघून गेलेला. शेत टाकून. रानडुकरं राहिली तिथंच, त्यांना कोण पत्ता विचारतंय? बंदूक आमच्या कपाटावर, गोधडीत गुंडाळून. तारामती त्या खोलीत झोपेना. मीही झोपेना.

सप्टेंबरात फौजा आल्या. निजामाचं राज्य चार दिवसांत आटोपलं, हत्यारं जमा करा म्हणून दवंडी फिरली, आणि गल्लीत सगळ्यांत आधी बंदूक घेऊन मी पळालो. इतकं हलकं आयुष्यात वाटलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात करीमुद्दीनसाहेबांना धरून नेलं. कुणी म्हणे सांगितलं होतं, ते 'त्या', जाळपोळ करणाऱ्या लोकांतले आहेत. कोण? जो माणूस गल्ली ओलांडताना वाटेत थांबतो, तो दंगा करणार? सकाळी त्यांच्या बेगम पडद्याआडून म्हणाल्या, "भाई साब, तुम जाको बोलो ना. तुम तो इनकू जानते." गेलो की! साहेब नवा, नागपूरकडून आलेला, आणि मराठी! "या, बसा," म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, दफ्तरात 'बसा' ऐकून! मी सगळं सांगितलं, सज्जन माणूस आहे, मी हमी देतो. त्यानं शांतपणे विचारलं, "आपण कोण?"

खिशात काय होतं? लायसन! तेच काढलं. त्यानं दुभाष्याकडून वाचून घेतलं. "म्हणजे ज्याची हमी द्यायला तुम्ही आलात, त्याच्याच सहीनं तुम्ही कोण ते ठरतं? आणि दोनदा?" मग आवाज एकदम खाली. "तुमच्या लोकांना काठी बाळगायची चोरी होती, त्या दिवसांत तुम्हालाच बंदूक कशी हो मिळाली?"

"साहेब… रानडुकरं…"

"बेगम बाजारात?"

आणि हसले! सगळे हसले! सरकार बदललं, विनोद तोच!

"दोन मोतबर घेऊन या. नाहीतर तुमचाही विचार करावा लागेल." धावलो काचीगुड्याला, तारामतीला बरोबर घेऊन. मामांच्या डोक्यावर नवी कोरी पांढरी टोपी, गच्चीवर झेंडा. मला बघून दार अर्धं लावलं. "जावईबापू, आता तोंडीसुद्धा ओळखत नाही. तारे, तू आत ये." तारामती आत गेली नाही. नुसतं बघत राहिली त्यांच्याकडं, आणि माझ्या पुढं चालायला लागली.

परत गेलो, रिकाम्या हातानं. दोन शिपाई माझ्या दोन बाजूंना उभे केले आणि करीमुद्दीनसाहेबांना समोर आणलं. काय अवस्था हो… शेरवानी नाही, दाढी वाढलेली, भिंतीला धरून चालत होते. साहेबानं विचारलं, "या माणसाला ओळखता?" त्यांनी मला बघितलं, शिपाई बघितले, आणि त्या म्हाताऱ्याला वाटलं, हा माझ्यापायी अडकला. मान फिरवली. "मैं इनकू नै जानता. कब्बी नै देखा."

"मग या सह्या?"

"मेरे नै."

कळलं का तुम्हाला? मला वाचवायला त्यांनी मला ओळखलं नाही! आणि सह्या त्यांच्या नाहीत म्हटल्याबरोबर लायसन खोटं ठरलं, खोट्या लायसनावर बंदूक बाळगली म्हणून मला आत टाकलं! त्यांच्याच कोठडीत! करीमुद्दीनसाहेब लहान मुलासारखे रडले हो. "मास्टर, मैं समझा तुम छूट जाते." मी म्हटलं, "साहेब, जाऊ द्या. आता निदान आपल्या दोघांचा पत्ता एक झाला." रडता रडता हसले, आणि हसता हसता जी धाप लागली ती रात्रभर थांबली नाही. मी पाठ चोळत बसलो. हाका मारल्या, कुणी आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास तो साहेब बदलून गेला. नव्यानं विचारलं, "यांच्यावर काय आहे?" कुणालाच सांगता येईना. "मग जाऊ दे ना." एवढंच! करीमुद्दीनसाहेबांना खाटेवर घालून घरी नेलं. संक्रांत नाही बघितली त्यांनी. मी खांदा दिला, माती टाकली, आणि तिथं मला एक शब्द बोलता आला नाही, मला, आणि मी किती बोलतो ते बघताय तुम्ही.

पुढं जेलात गेलेल्यांचं कौतुक सुरू झालं, तसे मामा पेढे घेऊन हजर! "आमचे जावई! देशासाठी तुरुंगवास!" आणि खिशातून दाखला काढला, न मागता, स्वतःच्या अक्षरात, सही ठोकून, की सदर गृहस्थांस मी कित्येक वर्षे जातीनिशी ओळखतो. तारामतीनं पेढे ठेवून घेतले आणि त्या कागदानं चूल पेटवली. मामांच्या समोर.

आणि परवा दारात शिपाई. "एकनाथराव कंधारकर कोण? त्यांची जमा बंदूक परत मिळतेय. राहत्या पत्त्याचा पुरावा आणि दोन मोतबर घेऊन कचेरीत यायचं." मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या मागं गल्लीत बघितलं. समोरच्या घराला कुलूप. म्हटलं, "असा कुणी माणूस इथं राहत नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं पेन्सिल जिभेला लावली, लिहून घेतलं, आणि सलाम करून गेला… माझ्यावर विश्वास ठेवून गेला हो, एका शब्दाचा पुरावा मागितला नाही!