एकोणीस नंबर हजर

नाव : अल्पवयीन असल्याने वेगळ्या बंद पाकिटात. वय : १५ वर्षे ७ महिने. धंदा : शिक्षण, इयत्ता दहावी, हजेरीपटावरील क्रमांक १९. राहणार : कपडे धुण्याच्या दुकानावरची खोली, दुसरा मजला, आईसह.

मी ठाण्यात समक्ष बसून, आई शेजारी असताना, विचारल्यावरून सांगते की, माझी आई खालच्याच दुकानात इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करते. आमच्या वर्गाचे तीन दिवसांचे शिबिर डोंगरावर नेले होते. आम्ही चौतीस मुलेमुली होतो. सोबत भूगोलाच्या बाई होत्या आणि दोरीवरून उतरायला शिकवणारे प्रशिक्षक होते. त्यांना सगळे दोरीवाले सर म्हणतात.

काल रात्री दहापासून दोरीवाले सरांना याच ठाण्यात बसवून ठेवले आहे. आत्ता मला ठाण्याच्या पायऱ्यांवरून उचलून आणले तेव्हा ते बाकावर दिसले. आज सकाळी शाळेच्या मोठ्या बाई इस्पितळात माझ्या खाटेपाशी आल्या. त्यांच्याकडे टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिले होते, की संध्याकाळच्या हजेरीला मी तळावर हजर होते आणि त्यानंतर सदर प्रशिक्षकाने मला एकटीला डोंगरावर नेले. खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती. 'एवढी सही कर, म्हणजे तुला कोणी त्रास देणार नाही,' असे त्या म्हणाल्या. आई म्हणाली, 'जेवढं विचारतील तेवढंच बोल गं, दहावीचं वर्ष आहे.' मी सही केली नाही. तो कागद खोटा आहे.

काल दुपारी दोरीवरून उतरण्याचा सराव होता. चाळीस फुटांचा कडा आहे. निम्म्यात माझे पाय लटपटले आणि मी रडले. माझ्या बाकावर शेजारी बसते ती वर्गमैत्रीण, हजेरीक्रमांक २०, हिने सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. ती काडीसारखी असल्याने तिला आम्ही पेन्सिल म्हणतो. तिने माझ्याच आवाजात, नाकातून, 'मला उतरवा हो, मला उतरवा' असे म्हटले. सगळे हसले. भूगोलाच्या बाईपण हसल्या. ज्यांचे पाय माझ्या आधी लटपटले होते तेही हसले, हे मुद्दाम लिहावे.

सराव चार वाजून दहा मिनिटांनी संपला. मला घड्याळ आहे, म्हणून वेळा नक्की सांगते. तिथून तळापर्यंत चाळीस मिनिटांची पायवाट आहे. दोरीवाले सर सगळ्यांच्या पुढे होते आणि मागे कोणी राहू नये म्हणून भूगोलाच्या बाई सगळ्यांच्या शेवटी होत्या. मला बाकीच्या तेहेतिसांतल्या कोणाचेही तोंड बघायचे नव्हते. मी एका दगडाआड बसले. बाई माझ्यापासून दहा पावलांवरून गेल्या. त्या फोनवर बोलत होत्या. मी पाच-सात मिनिटांनी एकटी निघाले. एका वळणावर दगड सुटला आणि मी खालच्या घळीत पडले. डावा पाय घोट्याच्या वर मोडला.

घळीच्या बरोबर खाली तळाचे मैदान आहे. वाट फिरून जाते, पण खालचे बोलणे सरळ वर येते. पाच वाजून दहा मिनिटांनी हजेरी सुरू झाली. बाई भोंग्यावरून आकडा पुकारतात आणि ज्याचा आकडा असेल त्याने घसा फोडून 'हजर' म्हणायचे, अशी पद्धत आहे. मी तोपर्यंत ओरडले नव्हते. एकोणीसला कोणीच बोलणार नाही, मग सगळ्यांची तोंडे बघण्यासारखी होतील, असे मला वाटत होते. मी त्याची वाटच बघत होते. बाईंनी एकोणीस पुकारले. थोडा वेळ गेला. मग माझ्याच आवाजात 'हजर' असे आले.

मी तेव्हापासून ओरडत होते. चौतीसपर्यंत हजेरी झाली, टाळ्या झाल्या, जनरेटर सुरू झाला. मग खालचे काही ऐकू आले नाही आणि माझेही कोणाला गेले नाही.

आता जे सांगते ते कोणी विचारलेले नाही. आमच्या वर्गात आठवीपासून एक रीत आहे. जो वर्गात नसेल त्याचा आकडा दुसऱ्याने त्याच्या आवाजात म्हणायचा. भूगोलाच्या बाई हजेरी घेताना पटातून मान वर काढत नाहीत, त्यामुळे आजवर कोणी पकडले गेले नाही. ही रीत मी सुरू केली. मला वर्गातल्या बहुतेकांचे आवाज येतात. मी एका तासाला पाच-पाच जणांची हजेरी दिलेली आहे. पेन्सिलला मीच शिकवले. तिला एकच आवाज जमला, तो माझा. यावर आईने कपाळाला हात लावला. शाळा मला दाखला हातात देऊन घरी पाठवील, हे मला माहीत आहे.

सहा वाजून वीस मिनिटांनी दोरीवाले सर घळीत उतरले. ते एकटे होते. त्यांनी आधी माझ्यावर तोंड टाकले. 'अक्कल काय गहाण टाकली होतीस? पाय हलवू नकोस,' असे म्हणाले. मग अंगातला शर्ट फाडून दोन काठ्या माझ्या पायाला बांधल्या. म्हणून ते खाली आले तेव्हा बनियनवर होते. याखेरीज त्याला दुसरे काही कारण नाही. मोठ्या बाईंना आणखी काय म्हणायचे असेल तर ते त्यांनी माझ्या आईसमोर म्हणावे.

त्यांनी मला पाठीवर घेऊन तळावर आणले, तेव्हा सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. वाटेत मी विचारले, की मी हजर असताना तुम्ही मला शोधायला कसे आलात? ते म्हणाले, 'मी पोरं मोजत नाही, हेल्मेटं मोजतो. पुसून खिळ्याला अडकवली की मोजायची. तेहेतीस भरली.' बाईंना त्यांनी तसे सांगितले होते. बाई म्हणाल्या, 'हजेरी पूर्ण आहे, वर राहिलं असेल, उद्या आणा.' त्यावर ते बाईंना म्हणाले, 'हेल्मेट एकटं राहत नाही बाई, डोक्यासकट राहतं.' हे मी त्यांच्याकडून ऐकले, माझ्यासमोर घडलेले नाही. बाईंना आता यातले काही आठवत नाही, असे मला कळले.

आज मोठ्या बाई गेल्यावर पेन्सिल तिच्या आईबरोबर इस्पितळात आली. तिची आई फळे आणायला खाली गेली तेव्हा ती रडली. ती म्हणाली, 'मला वाटलं तू रुसून तंबूत झोपलीयस. बाईंनी तुला बोलणी घातली असती, म्हणून मी म्हटलं.' मला ते खरे वाटले. मीही तेच केले असते. पुढे ती म्हणाली, 'तू कोणाला सांगू नकोस हं. माझे बाबा मला मारून टाकतील. आणि त्या दोरीवाल्याचं काय, सोडतीलच ना त्याला.'

तिचे नाव मी तिच्या या वाक्यापर्यंत सांगणार नव्हते. आता ते माझ्या हाताने वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. माझा तिच्यावर राग आहे. दोरीवरच्या नकलेचा त्यातला भाग थोडा आहे.

लिहून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, 'आवाजावरून कसं धरायचं बाळ? पटावर तू हजर आहेस, तेहेतीस मुलांनी तसं लिहून दिलंय.' मी म्हटले, दार थोडे उघडा. बाहेर पेन्सिलची आई एकटी बसलेली होती. पेन्सिलला जबाबासाठी वरच्या मजल्यावर नेले होते. मी पेन्सिलच्या आवाजात एकदा 'आई' अशी हाक मारली. त्या लगेच उठून आत आल्या आणि म्हणाल्या, 'काय झालं गं? मारलं का कोणी तुला?' आणि खोलीत आपली मुलगी शोधू लागल्या. खोलीत मी, माझी आई आणि मॅडम होतो. मॅडमनी लिहायचे थांबवून त्यांना काय प्रकार आहे ते सांगितले. पेन्सिलच्या आईंनी मागचे दार लावून घेतले. मग म्हणाल्या, 'तिला खाली बोलवा. मी समोर असताना बोलू दे तिला.'

वरील मजकूर मी बोलले तसा उतरवला आहे, मला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला आहे, आणि तो खरा आहे. दुरुस्ती एकच. माझ्या हजेरीक्रमांकापुढे शाळेच्या पटावरून 'सायं. ५.१० वाजता हजर' असे उतरवलेले होते. ते खोडून माझ्या सांगण्यावरून 'गैरहजर' असे लिहिले आहे. खोडीवर माझी सही आहे.