खंडेरावांच्या इंजिनात दोष नव्हता

समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय सविताताई, आजचे सत्कारमूर्ती खंडेराव मिस्त्री, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. चतुराबाई, खंडेरावांच्या हाताखाली तयार झालेले आणि आजचा हा घाट घालणारे दीपक, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या समस्त मोटारसायकलप्रेमी बंधुभगिनींनो, वेणीमाधव गर्गे याचा आपणां सर्वांना नमस्कार.

मी पंचवटीतला. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर, यजमानांची कर्मं करणारा माणूस. मिस्त्रींच्या सत्काराला भटजी कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर दीपकरावांकडे आहे. 'गुरुजी, तुमची भाषा चांगली, मानपत्र तुम्हीच लिहा,' असं म्हणत ते माझ्या दारात आले. नाही म्हणायला तोंड हवं. ते माझ्याकडे नव्हतं.

ते मानपत्र आत्ता वाचलं गेलं. आपण टाळ्याही वाजवल्यात. त्यात एक वाक्य आहे: 'एका दुर्दैवी अपघाताचा अपवाद वगळता, छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या एकाही इंजिनाने मालकाला दगा दिला नाही.' हे वाक्य आलं तेव्हा खंडेरावांनी मान खाली घातली. चतुराबाईंनी घातली नाही. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. सविताताई, माझी हात जोडून विनंती आहे, ते मानपत्र त्यांच्या हाती देऊ नका. तो अपवाद खोटा आहे, आणि मी तो खोटा आहे हे माहीत असताना लिहिला.

दीपकराव, 'वेळ संपत आली' अशी तुमची चिठ्ठी पोचली. ती राहू द्या. खंडेराव परवा दुकानाची किल्ली तुमच्या हाती देऊन सिन्नरकडे आपल्या गावी जाणार. त्यानंतर एवढी माणसं मी कुठून गोळा करू?

तर, सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा मयुरेश, हा काय, तिसऱ्या रांगेत निळ्या शर्टात बसला आहे. त्याची साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन तो खंडेरावांच्या दुकानात गेला. हे दुकान म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. पंक्चर नाही, धुलाई नाही. इंजिनाची ताकद वाढवायची असेल त्यानेच तिथली पायरी चढावी. खंडेरावांनी विचारलं, "कितीवर पळवायचीय?" हा म्हणाला, "काका, पळवायची नाही. पेठच्या घाटात मागे माणूस बसला की दम टाकते." खंडेराव म्हणाले, "मंग करू. पण आधी ब्रेक, मागून पिकअप." आणि खरोखर पहिला आठवडा त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. ब्रेक बदलले. मग सिलिंडर बोअर केला, मोठा पिस्टन बसवला, हेड आतून घासून रुंद केलं. मयुरेश रोज घरी येऊन हे मला सांगायचा आणि मी ते मंत्र ऐकल्यासारखं, न कळता, ऐकायचो.

गाडी मिळाली त्या दिवशी मी पूजेचं ताट घेऊन दुकानात गेलो. हँडलला माळ बांधणार, तर खंडेरावांनी माझं मनगट धरलं. "गुरुजी, हँडलला काय बी बांधायचं नाय. मागं बांधा. देव मागं बसला तरी देवच हाय." दहाबारा गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. मीही हसलो, पण आतून पेटलो. चार पिढ्या गंगेवर काढलेल्या माणसाला देव कुठे बांधायचा ते हा लेथवाला शिकवणार? आता सांगायला लाज वाटते, पण मला राग गाडीचा नव्हता, त्या हसण्याचा होता.

पुढच्या मंगळवारी आम्ही वणीच्या गडावर गेलो. मयुरेश गाडीवर, मी दोन यजमानांबरोबर जीपमध्ये. इंजिन नुकतंच खोलून जोडलेलं, म्हणून पोरगा अगदी सावकाश चालवत होता. दर्शन झालं. देवीच्या ओटीतला हिरवा खण प्रसाद म्हणून मिळाला. खाली गाडीजवळ आलो आणि मी त्या खणाला पीळ घातला, हँडलच्या मध्याभोवती गुंडाळला, तिथून जाणाऱ्या केबली त्यातच आवळल्या आणि गाठी मारल्या. सप्तशृंगीच्या म्हणून सात. सैल गाठ माझ्या हातून बसतच नाही, जन्मभर तेच केलं आहे. मयुरेश म्हणाला, "बाबा, काका नको म्हणाले होते." मी म्हणालो, "तुझ्या काकांपेक्षा आई मोठी." त्याने गाडीला किल्ली लावली. आमच्या घरात वडिलांशी वाद घालत नाहीत.

घाट उतरायला लागलो. तो पुढे, आमची जीप मागे. सरळ रस्त्यावर काही नव्हतं. एका तीव्र डाव्या वळणावर त्याने हँडल पूर्ण वळवलं आणि गाडी एकदम ओरडली. मी ते बघितलं. त्याचा हात मुठीवर सैल होता आणि गाडी स्वतःहून सुटली. जुनं इंजिन असतं तर नुसतं कुरकुरलं असतं. या इंजिनात आता जोर होता, त्याने उडीच मारली, थेट कठड्याकडे. त्या कठड्यापलीकडे काय आहे ते गडावर जाणाऱ्यांना ठाऊक आहे. माझ्या तोंडून देवीचं नावसुद्धा निघालं नाही. मयुरेशने ब्रेक दाबले. चाकं घासली, वास आला, गाडी कठड्यावर आदळून आडवी झाली आणि पोरगा कठड्याच्या अलीकडे पडला. हातभर अलीकडे.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. यजमानांनी त्याला उचलून जीपकडे नेलं. गाडी पडलेलीच होती आणि इंजिन एकटंच किंचाळत होतं. ते बंद करायला मी गेलो. किल्ली सापडेना. हँडल धरून सरळ केलं, तर इंजिन आपोआप शांत झालं. पुन्हा वळवलं, पुन्हा किंचाळलं. श्रोतेहो, मी हे दोनदा करून पाहिलं. त्यामुळे मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. हँडल वळलं की माझा खण ॲक्सिलरेटरची केबल ओढत होता.

मग मी काय केलं? सातही गाठी सोडल्या. शेवटच्या दोन दातांनी. खण खिशात घातला आणि जीपमध्ये मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो.

हॉस्पिटलात लोक विचारू लागले. मी म्हणालो, "त्या मिस्त्रीने इंजिनात काय घातलं कोण जाणे." एवढंच. पण भटजीने गंगेवर टाकलेला शब्द गावभर जायला किती वेळ लागतो? आईबाप पोरांना दुकानात जाऊ देईनात. दोन वर्षं खंडेरावांच्या लेथवर धूळ होती. चतुराबाई त्या काळात भाजीबाजारात बसत होत्या. मी त्यांच्यासमोरून जायचो. छत्री आडवी धरून जायचो. आणि घरी मयुरेशला काय सांगायचो? 'देवीचा खण होता म्हणून वाचलास.' नाही रे बाबा. तू त्या ब्रेकमुळे वाचलास. खणामुळे पडलास.

खंडेरावांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी मोडकी गाडी दुकानात नेऊन दोन दिवस तपासली आणि तिसऱ्या दिवशी घरी आले. ओसरीवर मी एकटाच होतो. त्यांनी माझ्या तळहातावर एक हिरवा धागा ठेवला. केबलीत अडकलेला. आता हा माणूस ओरडणार, माझी अब्रू जाणार. ते हळूच म्हणाले, "इंजिनात दोष नव्हता गुरुजी. तुमाला ठाऊक हाय. पोराला मी सांगतो, केबल माझ्याकडून तंग राहिली. मिस्तरी बदलता येतो, बाप नाय बदलता येत."

त्या क्षणी मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मी विचारलं, "चहा घेणार का?" त्यांनी तोही घेतला. आणि सहा वर्षं हा माणूस माझ्या चुकीचा डाग स्वतःच्या नावावर वागवत इथवर आला, आणि मी त्या डागाला मानपत्रात 'दुर्दैवी अपघाताचा अपवाद' म्हणून शोभिवंत जागा दिली.

आज घरून निघताना हे बोलायचं ठरवलं नव्हतं, हेही कबूल करतो. ठरवलेलं भाषण माझ्या खिशात आहे. त्यात तीन सुभाषितं आहेत. चतुराबाई, तुम्ही तसं पाहिलं नसतंत तर मी तीच म्हणून खाली बसलो असतो.

मयुरेश, तू उठलास. बाहेर जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. आज नाही बोललास माझ्याशी तरी चालेल.

बाहेर नाही... तो इकडे येतोय. सावकाश येऊ द्या हो, वाट द्या त्याला, डावा पाय पायरी चढताना अजून अडतो. माझ्याकडे नाही येत तो. खंडेरावांकडे चालला आहे. योग्य आहे. खंडेराव, पाय मागे घेऊ नका. वाकू द्या त्याला.

अध्यक्षांचे, संयोजकांचे, आणि एवढा वेळ न उठता ऐकणाऱ्या आपणां सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर वक्ता क्षमा मागतो, तशी पद्धतच आहे. माझं बोलण्यात काही चुकलं नाही. सहा वर्षं न बोलण्यात चुकलं. त्याची क्षमा मी सभागृहाकडे मागत नाही, ती द्यायचा हक्क खंडेराव, चतुराबाई आणि मयुरेश या तिघांचा आहे. त्यांनी ती दिली नाही, तरी माझी तक्रार नाही.